मोजून दिलेला श्वास

न्यूमोनियातून उठलेल्या आजींना रुग्णालयातून घरी आणले की औषधांच्या पिशवीबरोबर अनेकदा आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. पलंगाशेजारच्या कपाटाएवढे, चाकांवर सरकणारे आणि दिवसरात्र घरघरणारे हे यंत्र २०२१च्या उन्हाळ्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव ओळखीचे झाले. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलेले असते: मिनिटाला २ लिटर, सतत. बरोबर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर.

पहिल्या दोन दिवसांतच घरात तीन प्रश्न उभे राहतात. दोनच लिटर का, चार केले तर लवकर बरे वाटणार नाही का? आजींना आता दम लागत नाही, मग नळी काढून ठेवली तर काय बिघडले? आणि दिवसभर नळी लावून बसण्यापेक्षा धाप लागेल तेव्हा थोडा वेळ ऑक्सिजन घेतला तर चालणार नाही का?

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी गेले की एकच माणूस भेटतो. त्याचे नाव जॉन स्कॉट हाल्डेन. ऑक्सिजन हे औषध आहे आणि औषधासारखेच ते मोजून द्यायचे असते, हे वैद्यकाला पटवून देण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. आणि त्यांचा अखेरचा आजारही न्यूमोनियाच होता. घरच्याच बिछान्यावर, ऑक्सिजनच्या तंबूत त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

हवा मोजणारा डॉक्टर

हाल्डेन यांचा जन्म १८६० साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. घराणे जमीनदारांचे आणि शिकलेले. थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि नंतर लॉर्ड चॅन्सेलर झाले. मामा जॉन बर्डन सँडरसन हे ऑक्सफर्डला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. जॉन यांनी १८८४ मध्ये एडिंबरो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली, पण दवाखाना काही थाटला नाही. त्यांना कुतूहल होते ते माणूस ज्या हवेत जगतो त्या हवेचे.

पहिली नोकरी डंडी या गिरणगावात लागली. तागाच्या गिरण्यांमुळे तिथे कामगारांची दाटी झाली होती आणि एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहत असे. हाल्डेन आणि त्यांचे सहकारी मध्यरात्रीनंतर, लोक गाढ झोपेत असताना, बाटल्या घेऊन या खोल्यांत जात आणि हवेचे नमुने भरून आणत. कार्बन डायऑक्साइड किती, सेंद्रिय घाण किती, जंतू किती, हे सगळे मोजले जाई. एका खोलीच्या घरातली हवा आणि चार खोल्यांच्या घरातली हवा यांच्यातील फरक त्यांनी आकड्यांत मांडला. शाळांच्या वर्गांतली हवाही तपासली. हे काम १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोंदट हवा वाईट हे सर्वांना ठाऊक होते. ती किती वाईट आणि नेमकी कशामुळे, हे सांगायला मोजमाप लागते, ही हाल्डेन यांची आयुष्यभराची खूण तिथे पहिल्यांदा दिसली.

त्याच वर्षी ते मामांच्या हाताखाली ऑक्सफर्डला आले. १८९१ मध्ये लुईसा कॅथलीन ट्रॉटर यांच्याशी विवाह झाला. त्यांची दोन्ही मुले पुढे नावाजली. मुलगा जे. बी. एस. हाल्डेन हे थोर जनुकशास्त्रज्ञ. ते १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. मुलगी नाओमी मिचिसन ही नामवंत कादंबरीकार.

खाणीतला अदृश्य मारेकरी

त्या काळी ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणींत सतत स्फोट होत. मेलेली माणसे स्फोटाच्या धक्क्याने किंवा आगीने दगावली, असे धरून चालत. २७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधील टायलर्सटाउन येथील खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मृत्युमुखी पडले. हाल्डेन तिथे गेले आणि मृतदेह एकेक करून तपासले. बहुतेकांची त्वचा गुलाबी होती. हाडे मोडली नव्हती. स्फोटानंतरही ही माणसे जिवंत होती, काही तर चालत बाहेरच्या दिशेने निघाली होती. त्यांना मारले ते स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड या वायूने.

हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. रक्तातल्या हीमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनला जागाच उरू देत नाही. त्याचा परिणाम हाल्डेन यांनी आधीच स्वतःवर पाहिला होता. १८९५ मध्ये प्रयोगशाळेत बसून ते हा वायू मोजून हुंगत राहिले आणि मध्ये मध्ये स्वतःचे रक्त तपासत राहिले. निम्म्याहून अधिक हीमोग्लोबिन अडकेपर्यंत त्यांनी प्रयोग चालू ठेवला. तोपर्यंत त्यांना धड उभे राहता येत नव्हते, नजर अंधूक झाली होती.

याच कामातून खाणकामगारांना एक सोबती मिळाला. लहान प्राण्याचा श्वास जलद चालतो, त्यामुळे विषारी वायूचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या आधी होतो. म्हणून खाणीत उतरताना उंदीर किंवा छोटा पक्षी बरोबर ठेवावा, असे हाल्डेन यांनी सुचवले. पिंजऱ्यातला पिवळा कॅनरी पक्षी मान टाकू लागला की माणसांनी मागे फिरायचे. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत टिकली.

मुलालाही ते खाणीत घेऊन जात. एकदा छताजवळ मिथेन वायू साठलेल्या जागी त्यांनी लहानग्या जे. बी. एस.ला उभे केले आणि शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर नाटकातले मार्क अँटनीचे भाषण म्हणायला लावले. काही ओळींतच मुलाला दम लागला, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीजवळची हवा ठीक होती, त्यामुळे तिथे त्याला पुन्हा श्वास घेता आला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही. आजच्या पालकांच्या अंगावर काटा येईल अशी ही शिकवण होती. पण स्वतःवर केल्याशिवाय दुसऱ्यावर प्रयोग नाही, हा नियम हाल्डेन यांनी कधी मोडला नाही आणि घरचे लोक त्यांच्या लेखी दुसरे नव्हतेच.

दम लागत नाही म्हणजे ऑक्सिजन पुरेसा आहे का?

१९०५ मध्ये हाल्डेन आणि जॉन गिलीझ प्रीस्टली यांनी श्वासाबद्दलचा एक मूलभूत शोध प्रसिद्ध केला. मिनिटाला किती श्वास घ्यायचे आणि किती खोल घ्यायचे, हे शरीर कशावरून ठरवते? उत्तर ऑक्सिजन असेल असे कोणालाही वाटेल. या दोघांनी लांब नळीत जोराने श्वास सोडून त्यातली अगदी शेवटची, म्हणजे फुप्फुसाच्या खोल भागातून आलेली हवा तपासली. स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर तपासली आणि कॉर्नवॉलच्या खोल खाणीतही तपासली. त्यातून दिसले ते असे, की निरोगी माणसाचा रोजचा श्वास मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबाने चालतो. फुप्फुसात तो किंचित वाढला की मेंदू श्वास लगेच वाढवतो. ऑक्सिजन मात्र बराच खाली जाईपर्यंत मेंदू तितकी हाक देत नाही.

नळी काढून ठेवण्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. न्यूमोनियात फुप्फुसाचे काही वायुकोश पू आणि पाण्याने भरतात. तिथून जाणाऱ्या रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही. पण उरलेल्या चांगल्या भागातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. त्यामुळे रुग्ण गप्पा मारतो आहे, चहा पितो आहे आणि ऑक्सिमीटरवर मात्र ८५ दिसते आहे, असे घडू शकते. कोविडच्या काळात अनेक घरांनी हे पाहिले. दम लागणे ही धोक्याची एक खूण आहे. ती नसली म्हणजे धोका नाही असे होत नाही. हाल्डेन यांना हे कळायला रक्त काढावे लागे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमागचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात शोधले आणि तेच मोजमाप आपल्या उशाशी आले.

१९११च्या उन्हाळ्यात हाल्डेन तीन सहकाऱ्यांसह अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक या डोंगरावर गेले. उंची सुमारे ४,३०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटींहून जास्त. तिथे हवेत ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच असते, पण हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ६० टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी. शिखरापर्यंत आगगाडी जात असे. ही मंडळी पाच आठवडे वर मुक्काम करून होती. रोज गाडीतून येणारे हौशी प्रवासी त्यांना दिसत: ओठ निळे, डोके दुखते आहे, कुणाला उलटी, कुणाला घेरी. शास्त्रज्ञ मात्र हळूहळू रुळले. त्यांचा श्वास वाढला, रक्तातले हीमोग्लोबिन वाढले. मेबल फिट्झजेराल्ड या पाचव्या सहकारी. त्या एकट्या खेचरावरून आणि गाडीतून आसपासच्या खाणवस्त्यांत फिरल्या आणि तिथल्या लोकांची मोजमापे घेऊन आल्या. ऑक्सफर्डने त्यांना मानाची पदवी दिली ती १९७२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी.

हाल्डेन चुकलेही. फुप्फुस गरज पडली की ऑक्सिजन स्वतः आत ओढून घेते, असे त्यांचे मत होते. प्रत्यक्षात तो केवळ दाबाच्या फरकाने रक्तात जातो, हे डेन्मार्कच्या क्रोघ दांपत्याने आणि नंतर केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी दाखवले. हाल्डेन यांनी ते अखेरपर्यंत पूर्णपणे मान्य केले नाही. मोजमापाची एवढी निष्ठा असलेल्या माणसालाही आवडता सिद्धांत सोडवला नाही.

युद्धातला वायू आणि मिनिटाला किती लिटर

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने फ्रेंच बाजूच्या खंदकांवर क्लोरीन वायू सोडला. काही दिवसांतच ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी हाल्डेन यांना आघाडीवर पाठवले. वायू क्लोरीनच आहे हे त्यांनी ओळखले. गुदमरलेल्या सैनिकांची फुप्फुसे पाण्याने भरली होती. कोरड्या जमिनीवर माणसे बुडत होती.

परत आल्यावर हाल्डेन ऑक्सफर्डच्या आपल्या घरातल्या प्रयोगशाळेत क्लोरीन भरलेल्या बंद खोलीत शिरून मुखवट्यांची चाचणी घेऊ लागले. कुठला मुखवटा किती वेळ टिकतो, हे खोकत खोकत स्वतः अनुभवायचे आणि मग सैनिकांना द्यायचे. याच महिन्यात त्यांच्या घरावर दुसरे संकट आले. बंधू रिचर्ड यांना जर्मन तत्त्वज्ञानाची आवड होती. तेवढ्यावरून ते जर्मनधार्जिणे आहेत अशी ओरड वृत्तपत्रांनी केली आणि मे १९१५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून जावे लागले.

वायूने भाजलेल्या फुप्फुसांच्या सैनिकांना ऑक्सिजन द्यायचा, पण कसा? ऑक्सिजन देण्याची कल्पना नवी नव्हती. १८८५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉर्ज होल्टझॅपल नावाच्या गावच्या डॉक्टरने न्यूमोनियाने अत्यवस्थ झालेल्या एका तरुणाच्या बिछान्याजवळ रसायने तापवून ऑक्सिजन तयार केला होता आणि तो तरुण वाचला. पुढे सिलिंडर मिळू लागले. पण वापरायची रीत अशी होती, की रबरी नळीला फनेल लावायचा आणि तो रुग्णाच्या तोंडासमोर धरायचा. बहुतेक वायू खोलीतच विरून जाई. कोणी पाच मिनिटे देई, कोणी रुग्ण निळा पडला की देई. फायदा न दिसल्याने अनेक डॉक्टरांना तो मरणाऱ्याच्या नातेवाइकांचे समाधान करण्याचा उपाय वाटे.

हाल्डेन यांनी १० फेब्रुवारी १९१७ रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपली पद्धत मांडली. सिलिंडरला दाब कमी करणारी झडप, मिनिटाला किती लिटर वायू जातो ते दाखवणारी तोटी, मध्ये रबरी पिशवी आणि शेवटी चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा. श्वास सोडताना वायू पिशवीत साठतो आणि घेताना आत जातो, म्हणजे वाया जात नाही. रुग्णाचा निळा रंग जाईल एवढाच प्रवाह ठेवायचा आणि फुप्फुस सावरेपर्यंत तो चालू ठेवायचा. आज कागदावर लिहिलेले मिनिटाला २ लिटर हे शब्द या तोटीपासून सुरू होतात.

धाप लागेल तेव्हाच ऑक्सिजन घेण्याच्या प्रश्नाचेही उत्तर यात आहे. शरीर साखर साठवते, चरबी साठवते, पण ऑक्सिजन साठवत नाही. साधी हवा घेणाऱ्या माणसाच्या अंगात सुमारे दीड लिटर ऑक्सिजन असतो आणि स्वस्थ पडून राहिले तरी मिनिटाला पाव लिटर खर्च होतो. म्हणजे शिल्लक काही मिनिटांची. सकाळी तासभर घेतलेला ऑक्सिजन दुपारच्या उपयोगाचा नसतो.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

खालची मर्यादा सांगणाऱ्या हाल्डेन यांना वरची मर्यादाही ठाऊक होती. त्यांचे सहकारी जेम्स लॉरेन स्मिथ यांनी १८९९ मध्ये प्राण्यांवर दाखवले होते, की ऑक्सिजनचे प्रमाण फार वाढवून बराच काळ ठेवले तर फुप्फुसांनाच सूज येते. म्हणजे ज्या रोगासाठी द्यायचा तोच रोग वाढतो.

दुसरा धोका हाल्डेन यांच्याच नावाने ओळखला जातो. १९१४ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टर योहाने क्रिस्तियानसेन आणि क्लॉड डग्लस यांच्याबरोबर त्यांनी दाखवले, की हीमोग्लोबिनला ऑक्सिजन मिळाला की त्याची कार्बन डायऑक्साइड वाहून नेण्याची ताकद कमी होते. निरोगी फुप्फुसात हे सोयीचेच आहे, कारण सुटलेला कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर जातो. पण वर्षानुवर्षे विडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्या, सीओपीडी असलेल्या माणसाला तो बाहेर टाकता येत नाही. अशा रुग्णाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर या आणि इतर कारणांनी रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. आधी डोके दुखते, मग सुस्ती येते आणि पुढे रुग्ण बेशुद्धही पडू शकतो. म्हणून डॉक्टर बहुतेक रुग्णांसाठी ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६चे लक्ष्य ठेवतात, पण सीओपीडीच्या रुग्णांसाठी साधारण ८८ ते ९२चे. तुमच्या रुग्णासाठी आकडा कोणता, हे घरी निघतानाच विचारून लिहून घ्यावे. आपल्या मनाने दोनाचे चार लिटर करू नयेत, याचे कारण हे आहे.

अखेरचा आजार

१९२०च्या दशकात ऑक्सिजनला रुग्णालयांत हळूहळू मान मिळाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम स्टॅडी यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांसाठी ऑक्सिजनची बंद खोली बांधली. इंग्लंडमध्ये लेनर्ड हिल यांनी आणि अमेरिकेत अल्व्हन बराख यांनी पलंगाभोवती लावायचे ऑक्सिजनचे तंबू तयार केले. हाल्डेन यांच्याकडे मानसन्मान येत राहिले. रॉयल सोसायटीचे सर्वोच्च कॉप्ली पदक त्यांना १९३४ मध्ये मिळाले.

वयाच्या पंचाहत्तरीतही ते घरी बसले नाहीत. इराण आणि इराकच्या तेल उद्योगातील कामगार उष्माघाताने दगावत होते, त्याची कारणे शोधायला ते तिकडे गेले. परतल्यावर त्यांना न्यूमोनियाने गाठले.

ऑक्सफर्डच्या घरात त्यांच्या पलंगाभोवती ऑक्सिजनचा तंबू लावला गेला. ज्यांनी ऑक्सिजन मोजून द्यायला शिकवले त्यांनाच आता तो दिला जात होता. पण १९३६च्या मार्च महिन्यात डॉक्टरांच्या हाती न्यूमोनियाच्या जंतूंवर खात्रीचे औषध नव्हते. सल्फापायरिडीन हे परिणामकारक औषध आणखी दोन वर्षांनी आले आणि पेनिसिलिन त्याच्याही नंतर. १४ मार्चच्या मध्यरात्री हाल्डेन वारले.

ऑक्सिजन न्यूमोनिया बरा करत नाही. जंतूंशी लढतात ती शरीराची प्रतिकारशक्ती आणि प्रतिजैविके. ऑक्सिजन मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांना तोवर तगवून धरतो, म्हणजे वेळ मिळवून देतो. हाल्डेन यांच्या वाट्याला तो वेळ आला, पण त्या वेळात काम करणारे औषध आले नाही. आजच्या रुग्णाकडे दोन्ही आहेत. म्हणून यंत्र चालू आहे तेव्हा गोळ्या राहिल्या तरी चालतील, असे समजू नये. प्रतिजैविकाचा लिहून दिलेला कोर्स पूर्ण करावा, श्वासाचे व्यायाम करावेत आणि थोडे थोडे चालावे.

घरी ऑक्सिजन असेल तर

मोजमापाची हाल्डेन यांची शिस्त घरात आणायला प्रयोगशाळा लागत नाही, एक वही पुरते. दिवसातून ठरलेल्या वेळी, पाच मिनिटे शांत बसल्यावर, आकडा लिहावा. चालून आल्यावरचा आकडा वेगळा लिहावा. बोट थंड असेल, नखाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधी कधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतो, हेही लक्षात ठेवावे. आणि हाल्डेन यांचा जुना शत्रू या यंत्राला ओळखता येत नाही. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हीमोग्लोबिनही ऑक्सिमीटरला चांगलेच वाटते. त्यामुळे रुग्णाच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणे किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर वापरणे जिवावर बेतू शकते आणि ऑक्सिमीटर मात्र ९८ दाखवत राहतो.

कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही. खोलीतल्या हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांत अडकवून तो उरलेला, साधारण ९० टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन नळीत सोडतो. म्हणून तो भिंतीला किंवा पडद्याला टेकवून ठेवू नये आणि त्याची जाळी वेळच्या वेळी धुवावी. वीज गेली की तो बंद पडतो. भारनियमनाच्या गावात एक भरलेला सिलिंडर जवळ असावा आणि तो किती तास पुरेल हे आधीच विचारून ठेवावे.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला भडकवतो. रुग्णाच्या खोलीत विडी-सिगारेट नकोच. देवघर त्याच खोलीत असेल तर समई, निरांजन आणि उदबत्ती दुसरीकडे हलवावी. नळी लावून स्वयंपाकघरात गॅसजवळ जाऊ नये. नाक कोरडे पडले म्हणून व्हॅसलीन किंवा तेल लावू नये. पाण्यावर आधारित मलम डॉक्टर सुचवतात.

उरतो तो चौथा प्रश्न: हे किती दिवस? सीओपीडीमुळे ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कायमच कमी असतो, अशा रुग्णांवर अमेरिकेत १९८० मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९८१ मध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. दिवसाचे १५ तास किंवा त्याहून अधिक ऑक्सिजन घेणारे रुग्ण जास्त जगले. सतत द्या, हे हाल्डेन यांचे सांगणे साठ वर्षांनी आकड्यांत सिद्ध झाले. पण २०१६च्या आणखी एका अमेरिकी चाचणीने दुसरी बाजूही दाखवली: ज्यांचा ऑक्सिजन फक्त थोडासा कमी होता, त्यांना घरच्या ऑक्सिजनचा फायदा दिसला नाही. या चाचण्या जुनाट आजाराच्या रुग्णांवरच्या होत्या. न्यूमोनियातून उठलेल्या माणसाचे फुप्फुस बहुधा काही आठवड्यांत भरून येते आणि मग यंत्राची गरज उरत नाही. म्हणून दोन ते तीन महिन्यांच्या आत डॉक्टरांकडे पुन्हा तपासणी व्हायला हवी: बसून आकडा किती, चालून किती, नळीशिवाय किती. ती न केल्याने कित्येक घरांत यंत्र सवयीने चालू राहते, भाडे भरत राहते आणि रुग्ण खोलीबाहेर पडायला घाबरतो. उलट काही जण आपल्याच मनाने ते लवकर परत पाठवतात.

ओठ किंवा नखे निळी पडणे, आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली जाऊन तिथेच राहणे, धाप वाढत जाणे, माणूस गोंधळल्यासारखा बोलणे किंवा दिवसा न उठण्याइतकी झोप येणे, यांपैकी काही दिसले तर यंत्राची तोटी फिरवत वेळ घालवू नये. रुग्णालय गाठावे.

ऑक्सफर्डला हाल्डेन यांचे घर होते तिथे आता वुल्फसन कॉलेज उभे आहे. ती प्रयोगशाळा उरली नाही. पण पलंगाशेजारच्या यंत्रावर, काचेच्या नळीत हलणारा तो छोटा गोळा २च्या रेघेवर थांबलेला असतो. तो तिथेच ठेवावा आणि पुढच्या तपासणीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.